दालनिमच्या डबीवरची मुलगी

फोटो आणायला सांगितला होता, आणि मालसून कॅरॅमलची डबी घेऊन आली.

कोरियातल्या मासान बंदराच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर, दर बुधवारी पॉप आर्टचा वर्ग भरायचा. त्याआधी त्याच खोलीत कागदी फुलांचा वर्ग होता, त्याआधी जपानी भाषेचा. बायका त्याच. केंद्रात जे फुकट शिकवतील ते शिकायचं, मग खालच्या मजल्यावर गरम जेवायचं आणि सुनांची उणीदुणी काढत घरी जायचं, असा त्यांचा नेम होता. पॉप आर्ट म्हणजे काय हे एकीलाही ठाऊक नव्हतं. योसूवालीनं तर काहीतरी खायला मिळेल या आशेनं नाव घातलं होतं. ही बाई लग्न होऊन योसू गावाहून आली त्याला पन्नास वर्षं झाली, तरी सगळं मासान तिला अजून योसूवालीच म्हणतं, आणि ती अजून मासानच्या माशांना नावं ठेवते.

शिकवायला ह्योन बाई होत्या. वय जेमतेम अठ्ठावीस, केसांची टोकं निळी रंगवलेली. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, की फोटोतला माणूस कॅनव्हासवर उतरवायचा, कडा जाड काळ्या रेषेनं काढायच्या आणि आत सपाट रंग भरायचा. सावली द्यायची नाही, सुरकुती काढायची नाही. केस हिरवे करा, गाल जांभळे करा, कुणी जाब विचारणार नाही. सुरकुती काढायची नाही म्हटल्याबरोबर अर्ध्या वर्गानं स्वतःचेच फोटो आणायचं ठरवलं. उरलेल्यांनी नातवंडांचे आणले. ग्वाक ताईंनी आपल्या मेलेल्या कुत्र्याचा आणला.

"हे काय गं?" योसूवालीनं मालसूनच्या पुढ्यातली डबी उचलून कानाशी हलवली. "रिकामीच आहे की."

"संपल्या."

"एकटीनं संपवल्यास? साखर वाढली म्हणून डॉक्टरसमोर कुरकुरत होतीस ना? आणि फोटो कुठाय?"

"हाच," मालसून म्हणाली. "ही माझी मुलगी."

पिवळ्या डबीवर लाल अक्षरांत 'दालनिम', म्हणजे चांदोबा, असं लिहिलेलं होतं आणि खाली एक पाच-सहा वर्षांची मुलगी हसत होती. चंद्रासारखा वाटोळा चेहरा, कपाळावर सरळ कापलेले केस, डोक्याला रिबीन. ही डबी त्या वर्गातल्या प्रत्येकीनं ऐन तारुण्यात हातात घेतलेली होती.

"म्हणजे मुलगी मॉडेल होती तुझी? आणि आम्हाला आत्ता सांगतेस?"

"मॉडेल कुठली. अशीच दिसायची."

"मग आता कुठं असते?"

मालसूननं पेन्सिलीला टोक करायला घेतलं. "दूर असते."

"अमेरिका?"

"त्याहून दूर."

"म्हणजे कॅनडा," ग्वाक ताईंनी निकाल दिला. "माझा भाचा तिथंच आहे. फोनसुद्धा करत नाही मेला."

मालसून टोक करत राहिली. जेवणाच्या घंटेपर्यंत तिची मुलगी कॅनडात स्थायिक झाली होती आणि पुढच्या बुधवारी तिला दोन मुलंही झाली होती. एकीनं विचारलं, नातवंडांना आपली भाषा येते का. मालसून म्हणाली, थोडी थोडी. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटलं नाही, उलट त्या दिवशी ती भात दोनदा मागून जेवली. आई होती ती, आणि इतक्या वर्षांत तिच्या लेकीबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं.

ह्योन बाईंना मात्र डबी बघून आनंदाचं भरतं आलं. "आजी, पॉप आर्ट तुम्हालाच कळलंय," त्या म्हणाल्या. "दुकानातली वस्तू, सगळ्यांनी पाहिलेला चेहरा, आणि तो तुम्ही आपला करताय." मालसूनला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. तिनं डबी आणली होती ती घरात दुसरा फोटो नव्हता म्हणून.

घरात त्या मुलीचा, मीरानचा, एकही फोटो नव्हता. आमच्याकडे लग्नाआधी गेलेल्या लेकराचं काही ठेवत नाहीत. त्याचं श्राद्ध घालत नाहीत, त्याला थडगं बांधत नाहीत, त्याचं नाव घेत नाहीत. ठेवलं तर ते लेकरू उंबऱ्याशी घुटमळत राहतं, त्याची वाट चुकते, असं म्हणतात. कुणी ठरवलं हे देव जाणे. ज्याचं लेकरू गेलं नव्हतं अशाच कुणीतरी ठरवलं असणार.

सदतीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मेंदूज्वराची साथ होती आणि मीरान तापानं फणफणून गेली. सहा वर्षांची होती. तिला टेकडीपलीकडे पुरून आल्यावर सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलाला हुकूम सोडला. दोकसूनं, म्हणजे मालसूनच्या नवऱ्यानं, मीरानचे कपडे, रबरी चपला आणि कपाटातले सगळे फोटो गोळा केले आणि घरामागे तेलाच्या पिंपात पेटवून दिले. मालसून आत दोन वर्षांच्या सांगजुनला पाजत बसली होती. पिंपाचा पत्रा तापून कडकड वाजत होता तेवढं तिला ऐकू आलं. तिनं उठून जायला हवं होतं. ती उठली नाही, कारण सून होती, सव्वीस वर्षांची होती, आणि सासू दारात होती.

दोकसू आत आला, त्यानं हात धुतले आणि म्हणाला, "सांगजुनच्या आई, भात वाढ."

आदल्या दिवसापर्यंत तो तिला मीरानच्या आई म्हणत असे. आमच्यात बाईचं नाव लग्नानंतर विरून जातं आणि तिला पहिल्या मुलाचं नाव लागतं. दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी, कोळसेवाला, मासळीवाली, सगळे तिला सांगजुनची आई म्हणू लागले, जणू गल्लीच्या तोंडाशी कुणी फलकच लावला होता. तिनंही ओ दिली. तिचं मूळ नाव मालसून, म्हणजे शेवटची. चौथी मुलगी झाली तेव्हा आता पुरे म्हणून बापानं ठेवलेलं. त्यामुळे कुणीतरी दुसऱ्यानं दिलेल्या नावाला ओ द्यायची तिला सवय होती.

सदतीस वर्षं नवरा-बायकोनं त्या मुलीचं नाव उच्चारलं नाही. मालसून निर्यात क्षेत्रातल्या कारखान्यात रेडिओचे भाग जोडायला जाऊ लागली, तो गोदीत फिटर होता. सांगजुन शिकला, सोलला गेला, त्याला मुलगी झाली. संसार झाला. वाईट झाला असंही म्हणता येणार नाही.

दालनिमची गोष्ट अशी, की मीरान खरोखरच त्या डबीवरच्या मुलीसारखी दिसायची. गल्लीत तिला दालनिमची पोर म्हणत. ती डबी गालाशी धरून तसंच दात काढून हसून दाखवायची आणि दुकानदार एक वडी जास्त द्यायचा. पुढं कंपनीनं डबीवर अस्वलाचं कार्टून आणलं. आणि यंदा वसंतात, जुन्या आठवणींची आवृत्ती म्हणून, जुनी डबी पुन्हा बाजारात आली. मालसून सुपरमार्केटमध्ये मुळा घ्यायला गेली होती. मांडणीवर ओळीनं तोच चेहरा, एकावर एक, एकाशेजारी एक, सगळीकडून हसणारा. ती ढकलगाडीच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि मग मांडणी रिकामी करून घरी आली. मुळा राहिला.

कारण त्याआधी काही महिने तिला एक भीती लागली होती. मीरानचा चेहरा जाऊ लागला होता. आधी नाक गेलं. खोकला आठवायचा, फ्रॉकची फुलं आठवायची, ताप चढलेल्या तळव्यांचा स्पर्श आठवायचा, पण चेहरा डोळ्यांपुढं आणायला गेलं की सोलच्या नातीचाच यायचा. फोटो नाही, आणि आता डोक्यातलाही पुसला गेला, तर ती मुलगी झालीच नव्हती असं होईल. एकदा, फक्त एकदा, तो चेहरा बाहेर काढून भिंतीवर टांगावा, मग डोकं गेलं तरी चालेल, एवढंच तिला हवं होतं. केंद्राच्या फलकावर चेहरे काढायला शिकवणार असं वाचलं आणि ती जिना चढली.

ह्योन बाईंनी डबीचं चित्र मोठं करून छापून दिलं. कार्बन ठेवून ते कॅनव्हासवर उतरवलं. इथवर सोपं होतं. मग मालसून दुरुस्तीला लागली. रिबीन खोडली, कारण त्या उन्हाळ्यात उवा झाल्या म्हणून मीरानचे केस कानापर्यंत कापले होते. पुढचा एक दात खोडला, कारण तो पडला होता. हनुवटी निमुळती केली. डाव्या डोळ्याखाली तीळ दिला. आणि जसजशी ती दुरुस्त करत गेली तसतशी डबीवरची मुलगी निघून गेली, पण मीरान काही आली नाही. कॅनव्हासवर कुणीतरी तिसरीच पोर, बोळक्या तोंडानं बघत राहिली.

तिनं दुसरा कॅनव्हास घेतला. मग तिसरा.

"आजी, साम्य नाही आलं तरी चालतं," ह्योन बाई शेजारी टेकत म्हणाल्या. "ती तुम्हाला जशी वाटते तशी काढा ना. यात तेच तर मोकळं आहे."

"मला साम्यच हवंय, बाई."

"मग एखादा खरा फोटो मागवून घ्या की कॅनडाहून. मोबाइलवर एका मिनिटात येतो."

मालसून म्हणाली, बघते.

तरी बुधवारची ती वाट बघू लागली होती, हेही खरं. रंगांनी तिला वेड लावलं. आयुष्यात तिला कुणी कुठला रंग हवा म्हणून विचारलं नव्हतं. कारखान्यात निळी टोपी होती, घरात करडा झगा, आणि पोरगी गेली तेव्हा अंगावर पांढरंही चढवू दिलं नव्हतं, कारण लेकरासाठी आईबापांनी सुतक पाळायचं नसतं. इथं एक कोवळी बाई नळ्यांचा खोका पुढं करून विचारत होती, केस कुठल्या रंगाचे करू या? मालसूननं गुलाबी म्हटलं. जाड, सपाट, बेशरम गुलाबी. पहिला हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला. घरी तिला रडायला जागा नव्हती, आणि इतक्या वर्षांनी ती विसरलीही होती कसं रडायचं ते. पण तो गुलाबी रंग ब्रशनं कडेपर्यंत नेताना तिच्या छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. योसूवालीनं चित्रात स्वतःचे केस भगवे केले होते आणि नवऱ्यानं ओळखलं नाही म्हणून खूश होती. ग्वाक ताईंचा कुत्रा निळा झाला होता. सगळ्या म्हाताऱ्या जिभा बाहेर काढून, श्वास रोखून कडा रंगवत, आणि तेवढा वेळ एकीचीही सून वाईट नसायची.

फसलेले कॅनव्हास घरी यायचे. ती ते गॅलरीत किमचीच्या मडक्यांशेजारी टेकून ठेवायची. दोकसू सकाळी मिरचीच्या कुंड्यांना पाणी घालायला जायचा तेव्हा त्यांना वळसा घालून जायचा. नजर खाली, झारी हातात. हे काय आहे, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. त्याचं हे न विचारणं तिला सदतीस वर्षं ठाऊक होतं, आणि तिला त्याचा राग होता. राग म्हणजे अगदी साधा, रोजच्या मिठासारखा राग, ज्याच्याबद्दल बोलायचीही गरज उरत नाही.

पाचवा कॅनव्हास जरा बरा उतरला. ती पोर मीरान नव्हती, पण मीरानच्या वर्गातली शोभली असती. चेहरा पिवळा, केस गुलाबी, मागं डबीसारखाच एकरंगी निळा पडदा. प्रदर्शन जवळ आलं होतं आणि चित्राखाली नाव घालायचं होतं. ह्योन बाईंनी अक्षरांचे नमुने वाटले. मालसूननं नमुना घेतला नाही. डबी समोर ठेवली, 'दालनिम'ची अक्षरं होती तशीच ठसठशीत अक्षरं आखली आणि त्यांत डबीचाच रंग भरायला घेतला. मीरान. आमच्या लिपीत दोनच अक्षरं. पहिलं पुरं झालं, दुसरं अर्धं झालं, आणि योसूवालीनं तिचं मनगट धरलं.

"अगं ए. शुद्धीवर आहेस का? लाल?"

वर्ग मान वर करून बघायला लागला. जिवंत माणसाचं नाव लाल अक्षरांत लिहायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. लाल नाव मेलेल्याचं असतं.

"तिकडं परदेशात पोर एकटी, दोन लेकरं पदरात, आणि तू इथं बसून तिचं नाव लालनं लिहितेस? दे तो ब्रश. बाई, निळा द्या, यावर निळा मारू. ओलं आहे तोवर निघेल."

ह्योन बाई चिंधी घेऊन धावल्या. "माझंच चुकलं, मी बघायला हवं होतं. आजी, एक मिनिट, मी पुसते."

मालसूननं कॅनव्हास पोटाशी ओढला. लाल रंग तिच्या स्वेटरला लागला. मुद्दाम केलं की हात आपसूक गेला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"राहू दे," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"बरोबर कसं? अगं, पोरीच्या जिवाला..."

"नाही ती. सहा वर्षांची असताना गेली. कॅनडात कुणी नाही माझं."

योसूवालीनं मनगट सोडलं नाही, पण पकड सैल झाली. मग तिनं खाली पडलेला लाल ब्रश उचलला, पाण्यात धुतला, फडक्याला टिपला आणि मालसूनच्या बोटांत परत दिला.

"दुसरं अक्षर अर्धं राहिलंय," ती म्हणाली. "पुरं कर. वाळून चिरा पडतील."

त्या दिवशी मालसून चित्र घेऊन घरी आली तेव्हा दोकसू जमिनीवर बसून वाळक्या माशाचं कालवण जेवत होता. तिनं चित्र गॅलरीत नेलं नाही. त्याच्या समोर, टीव्हीला टेकून उभं केलं, आणि चप्पल काढायला दाराकडे परत गेली. त्याला वळसा घालायला जागा नव्हती.

तो जेवत राहिला. मग चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"नाव कशाला घातलंस?"

"तिचं आहे म्हणून."

त्यानं चष्मा शोधला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि घातला. बराच वेळ बघितलं. मालसून दारातच उभी होती, एक चप्पल पायात. तो आता उठेल आणि ते उचलून बाहेर ठेवेल, असं तिला वाटत होतं, आणि तसं झालं तर या खेपेला आपण काय करायचं हेही तिनं ठरवलं होतं.

"तीळ चुकलाय," दोकसू म्हणाला.

"काय?"

"तीळ. उजव्या डोळ्याखाली होता. तू डाव्या काढलायस."

"डाव्याच होता."

"उजव्या."

"मी रोज तिचे केस विंचरायची. मला ठाऊक नसणार? तुम्ही पोर उठायच्या आत गोदीवर जायचात आणि झोपल्यावर यायचात. तुम्ही केव्हा बघितलात तीळ?"

"कुठं बसून विंचरायचीस?"

"कुठं म्हणजे? आरशासमोर. तिला मांडीत घेऊन." आणि मालसून थांबली. आरशात. ती नेहमी आरशातच बघायची, पाठीमागून, कंगवा चालवताना. आरशात डावं ते उजवं होतं. तिचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला, एका गालावरून दुसऱ्यावर.

"मी फोटोत बघितला," दोकसू म्हणाला.

"कुठल्या फोटोत?"

"सगळ्यात. एकेक बघून टाकला."

तिला वाटायचं, त्यानं ओंजळीनं टाकले असतील. सदतीस वर्षं ती मनात तेच बघत आली होती, ओंजळ, पिंप, जाळ. त्यानं एकेक उचलून, बघून, मग टाकला असेल हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याला मारावंसंही वाटलं.

"एक ठेवायचा होता," ती म्हणाली.

"हो."

"एकच."

"आई दारात उभी होती."

"आई जाऊन तीस वर्षं झाली."

"मग? आई गेली म्हणून फोटो परत येतात?" त्याचा आवाज चिडका होता, पण डोळे चित्रावरून हलले नव्हते. "शेवटचा समुद्रावरचा होता. तोंड उन्हाकडे, एक डोळा मिटलेला. तीळ उजवीकडे होता. मी हातात धरला होता, असा." त्यानं रिकामा हात डोळ्यांसमोर धरला. मग तोही थांबला. "म्हणजे माझ्या उजवीकडे. फोटोतलं तोंड माझ्याकडे होतं. मग तिचा तो..."

त्यानं स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावलं, मग उजव्या. परत डाव्या. एक म्हातारा जमिनीवर आणि एक म्हातारी दारात, दोघंही आपापल्या गालाला हात लावून, आणि आपल्या पोरीचा तीळ कुठं होता ते दोघांनाही सांगता येईना. कालवण निवून गेलं.

"कान जरा बाहेर होते," मग तो म्हणाला.

"हो," मालसून म्हणाली. "ते मी विसरलेच होते."

"आणि भुवया जाड. माझ्यासारख्या."

ती आत आली, त्याच्याशेजारी बसली आणि कोऱ्या कागदावर कान काढू लागली. तो बोलत गेला. काही गोष्टी त्याला आठवत होत्या, काही तिला, काही दोघांना वेगवेगळ्या. मीरान हसली की वरची हिरडी दिसायची हे दोघांनाही एकदमच आठवलं, आणि मग दोकसू उठून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिला.

पुढचे दोन आठवडे मालसून वर्गात सगळ्यांच्या आधी यायची. तिनं तोच चेहरा पहिल्यापासून काढला, नव्या कानांचा, नव्या भुवयांचा. मग त्याच रेषेवरून कार्बननं दुसरा. दोन्ही पिवळे, दोन्ही गुलाबी केसांचे, दोन्हींखाली लाल अक्षरांत मीरान. पहिल्या चित्रात तिनं तीळ डाव्या डोळ्याखाली दिला. दुसरं तिळाशिवाय घरी नेलं आणि दोकसूपुढं ब्रश धरला.

"तुम्ही द्या."

"मला नाही येत."

"ठिपका तर आहे."

जन्मभर यंत्रांचे सूतभर फरक बोटांनी ओळखलेला माणूस, पण उजव्या डोळ्याखालचा तो ठिपका जरा मोठाच पडला. मालसूननं तो तसाच ठेवला.

प्रदर्शन केंद्राच्या तळमजल्यावर, जेवणाच्या खोलीबाहेरच्या बोळात लागलं. भगव्या केसांची योसूवाली, निळा कुत्रा, रांगेनं जांभळी आणि हिरवी नातवंडं, आणि शेवटी, खिडकीजवळ, दोन मीरान. ह्योन बाईंनी सगळ्यांना सांगितलं की एकच चेहरा पुन्हा पुन्हा काढणं हा पॉप आर्टचा प्राण आहे आणि मालसून आजींनी तो आपल्या मनानं पकडला. बाई बिचाऱ्या खरंच तसं समजत होत्या, आणि कदाचित ते खोटंही नव्हतं. एक चेहरा पक्का ठाऊक नसला की माणूस दोन काढतो. कुणाच्या तरी सुनेनं विचारलं, जुळ्या का हो? योसूवाली तिच्या अंगावरच गेली. "एकच आहे. चष्मा बदलून घे." मग तिनं एक स्टूल ओढलं आणि चित्रांखाली पहारेकऱ्यासारखी बसून राहिली.

दोकसू दुपारी आला. लग्नकार्यासाठी ठेवलेला काळा कोट घातला होता, आणि त्या रंगीबेरंगी बोळात तो एकटाच काळा दिसत होता. योसूवालीनं त्याला बघून न बोलता स्टूल उचललं आणि पलीकडे गेली. त्यानं बाकीच्या भिंतींकडे पाहिलंही नाही. सरळ खिडकीपाशी आला, अंगठा पुढं केला आणि डावीकडच्या चित्रातला तीळ झाकून बघितलं. मग उजवीकडच्यातला झाकून बघितलं. मग पुन्हा डावीकडचा.

"आजोबा, चित्रांना हात लावू नका," केंद्रातला माणूस लांबूनच म्हणाला.

त्यानं हात कोटाच्या खिशात घातला.

"कुठली?" मालसूननं विचारलं.

तो मान हलवत राहिला. "नाही कळत," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, दोन्ही समोर असल्या की कळेल."

तिलाही तसंच वाटलं होतं. आणि तिला आता हेही कळलं होतं, की ते कधीच कळणार नाही. या दोघींतली एक तिची पोर होती आणि एक कुणाचीच नव्हती, आणि मरेपर्यंत दोघींना सारखंच जपावं लागणार होतं.

लोक जेवायला आत जाऊ लागले. मुगाच्या मोडांचा आणि तिळाच्या तेलाचा वास बोळात आला. दोकसू खिडकीपाशी जरा वेळ उभा राहिला, मग वळला आणि दाराकडे चालू लागला. दारापाशी थांबून त्यानं मागं बघितलं.

"मीरानच्या आई, चल," तो म्हणाला. "घरी जाऊ."

मालसून जागची हलली नाही. बोळात बायका बऱ्याच होत्या, त्यातल्या कुणाला तरी कुणीतरी हाक मारली असेल, असं तिला वाटलं. दोकसूनं कोटाचं बटण लावलं, घसा खाकरला आणि तीच हाक पुन्हा मारली.

"आले," ती म्हणाली.